चड्ड्या सोडून चिलखत

द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत माझं शिलाईचं शेड. इतकी वर्षं आम्ही शाळेचे गणवेश शिवले. मग शाळा कपडे परस्पर बाहेरून मागवायला लागल्या आणि आमच्या मशिनी गप्प झाल्या. बायकांना मी ठणकावून सांगितलं होतं, "कुणालाही घरी बसवणार नाही!" सांगून बसले खरी, पण काम आणणार कुठून?

तेवढ्यात सीमेवर तापलं. अंबडच्या कारखान्यांत मोटारसायकलचे पार्ट करणारे लष्कराचे पार्ट करायला लागले आणि मलाही विचारणा झाली, जवानांच्या बुलेटप्रूफ जाकिटाची कापडी खोळ शिवाल का? नमुना पास झाला तर वर्षभराचं काम. मी ताडकन हो म्हणून टाकलं.

देश युद्धाच्या तयारीला लागला, असं बातम्यांत ऐकायला छान वाटतं हो! इथे चड्ड्या शिवणाऱ्या मशिनीखाली जाड नायलॉन सरकवलं की सुई तापून मोडायची, दोरा तुटायचा, मोटर कण्हायची. एकलहऱ्याचं वीजकेंद्र उशाशी, पण लाईट नेमकी ऐन कामात जायची. सुया बदलल्या, दोरा बदलला, मोठ्या मशिनी भाड्याने आणल्या. एकदाचा नमुना झाला.

तपासणीचे साहेब आले. गोळी अडवणारी छातीवरची जड पाटी जाकिटाच्या खिशात सरकवायला गेले तर ती अर्ध्यातच अडकली. त्यांनी खिसा उलटा केला. आत चारही बाजूंनी बोटभर जास्तीचं कापड दुमडलेलं.

"हे काय?"

पेठकडची मावशी, आमच्या शेडमधली सगळ्यात जुनी, बिनधास्त म्हणाली, "माया ठेवलीय, साहेब. पोर वाढतं ना. पुढच्या वर्षी उसवून मोठं करता येतं."

कुणीतरी फिस्कन हसलं. साहेब हसले नाहीत. "जवान वाढत नाही, मावशी. परवा येतो. तेव्हाही पाटी बसली नाही, तर काम दुसरीकडे जाईल."

ते गेले आणि माझं डोकं सणकलं. मी शेड डोक्यावर घेतलं. मावशी शांतपणे म्हणाली, "वरडू नको, ताई. मला कळतंय, पण हात ऐकत नाय." तिने पुन्हा शिवलं, पुन्हा बोटभर कापड आत. बाकीच्यांचीही तीच गत. वर्षानुवर्षांची सवय अशी दोन शिव्यांनी जाते होय?

मग मीच कातर घेतली. कापतानाच कापड शिवणीपुरतं ठेवलं, वर सुताइतकंही नाही. दुमडायला उरलंच नाही तर दुमडणार काय? पण आता एक टाका हुकला की तुकडा वाया, सुधारायला जागाच नाही. बायकांची तोंडं उतरली.

"लय कंजूस झालीस गं," मावशी पुटपुटली आणि मशिनीवर बसली. दिवसभर शेडमध्ये कुणी गाणं लावलं नाही की कुणी कुणाची थट्टा केली नाही.

साहेब ठरल्या दिवशी आले. पाटी खिशात सरळ उतरली आणि बसली. त्यांनी जाकीट उलटं धरून चांगलं झटकलं. पाटी जागची हलेना! त्यांनी ते मावशीच्या अंगात घातलं. लुगड्यावर जाकीट चढवून मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि बायकांनी शिट्ट्या मारल्या.

"पास," साहेब म्हणाले.

मी काय ओरडले, माझं मलाच आठवत नाही. शेजारच्या गॅरेजमधली माणसं धावत आली. म्हणे, काय झालं? मी म्हटलं, पेढे आणा, काय झालं ते मग सांगते! इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

साहेबांनी जाकीट परत मागितलं. मावशीने ते सावकाश उतरवलं, छातीवरच्या खिशावरून एकदा तळवा फिरवला आणि त्यांच्या हातात दिलं.

"साहेब, हे फाटून आलं तरी चालंल. मी परत शिवून देईल. घालणारं पोर तेवढं घरी आलं पाहिजे."