मैनाचं जोडाक्षर

कात्रजच्या सर्जेरावांची मैना डेअरीच्या लॅबमध्ये दुधाचं फॅट तपासायची. प्रोग्रॅमिंग ती शिकली बुधवार पेठेतून आणलेल्या जुन्या पुस्तकांवरून, कुणाला न विचारता.

कोथरूडला दर रविवारी दिगंबर सरांकडे काही मंडळी जमत. त्यांनी मिळून एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा साठा, लिहिली होती, कुणालाही फुकट वापरता येईल अशी. मजकुरातून हवा तो नमुना हुडकायची रीत म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन. ती चालवणारं इंजिन ज्यांना बांधायचं असेल, त्यांना लागणारे छोटे छोटे सुटे भाग, म्हणजे मोड्यूलं, त्या लायब्ररीत तयार मिळत. मैना ती वापरू लागली आणि तिला एक खोट सापडली. ‘कुठलंही एक अक्षर’ मागितलं की इंजिन ‘क्षमा’तला नुसता ‘क’ उचलायचं आणि बाकीचा ‘ष’ तसाच लोंबकळत ठेवायचं. चार महिने खपून तिनं जोडाक्षर अख्खं धरणारं मोड्यूल लिहिलं आणि सरांना पाठवलं.

सरांनी तिला रविवारी बोलावलं. नवी साडी नेसून, दोन बस बदलून ती गेली. सरांनी तिचा कोड पडद्यावर लावला आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचली. इंग्रजीतल्या स्पेलिंगच्या चुकांवर थांबून थांबून वाचली. मंडळी हसत होती. मैना म्हणाली, “सर, स्पेलिंग चुकलं आसंल, पण उत्तर बरूबर हाय.”

सरांनी चष्मा काढला. “बाई, आपण आधी ‘आहे’ म्हणायला शिका. आमची अक्षरं मग दुरुस्त करा.”

ती चहा न घेता निघाली.

सहा महिन्यांनी लायब्ररीची नवी आवृत्ती आली. जोडाक्षराचं मोड्यूल तिच्यात होतं. स्पेलिंग सुधारलेली, बाकी ओळ न् ओळ मैनाची. वर लेखक म्हणून नाव दिगंबर सरांचं. तिनं तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

पुढच्या वर्षी तिला बाणेरच्या एका कंपनीत मुलाखतीला बोलावलं. समोर नीरजा नावाची अधिकारी होती. तिनं नेमकं तेच मोड्यूल उघडलं आणि ते कसं चालतं ते विचारलं. मैनाला आयुष्यात एवढा आनंद झाला नव्हता. तिनं कागद ओढून घेतला, कुठं अडतं, कुठून मागं फिरावं लागतं, सगळं भराभरा मांडलं. नीरजा थक्क झाली.

“इतकं बारीक कसं माहीत?”

“म्याच लिहिलंय ते.”

नीरजानं पडद्यावरचं लेखकाचं नाव पाहिलं, मग मैनाकडे पाहिलं. तिनं तिथंच दिगंबर सरांना फोन लावला. पलीकडचं बोलणं मैनाला ऐकू आलं नाही. नीरजा मात्र ऐकता ऐकता एकदा हसली. फोन ठेवून तिनं मैनाचा अर्ज परत दिला आणि शांतपणे सांगितलं की, हुशारी नंतरही शिकवता येते, खोटं बोलणारी माणसं आम्ही घेत नाही.

मैनानं पुस्तकं रद्दीत घातली. ती अजून डेअरीत आहे. लॅबमध्ये नवा संगणक आला तेव्हा साहेबांनी विचारलं, कुणाला येतो का? तिनं मान हलवली. नाही.