जिल्हा निधीची खोली

आधी सिस्टरांचं सांगते, मग झालं ते. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर एक लहान खोली आहे, अचानक कुणाला काही झालं तर बघायची. तिथं त्या दिवसभर एकट्या असतात. त्यांनी माझी माय वाचवली. नाव लिहू नको म्हणाल्या, म्हणून सिस्टरच म्हणते.

मी लातूरकडची. सातवीतनं शाळा सुटली. पुढं लग्न झालं आणि नवऱ्यामागं इकडं मिरजोळ्याला आले. तो वेल्डिंगला जातो, मी मासळीच्या कारखान्यात कोळंबी सोलते. चार वर्षं झाली, पण धाकधूक काही जात नाही. कुणी नुसतं "गाव कुठलं?" विचारलं तरी वाटतं, आता कागद मागतात.

माय पहिल्यांदाच आमच्याकडं येत होती. सकाळी मी तिला उतरवून घ्यायला गेले. उतरल्या उतरल्या पिशवी माझ्या हातात दिली, "किती वाळलीस गं" म्हणाली आणि तिथंच मटकन बसली. घामानं थबथबलेली, हात थरथरत होते, मला मावशीच्या नावानं हाका मारायला लागली. कंडक्टर आणि एका रिक्षावाल्यानं धरून तिला त्या खोलीत नेली.

दारावर पाटी होती. मी अक्षरं लावत लावत वाचते, पण तेवढं वाचलं: 'जिल्हा निधीतून'. म्हटलं, झालं! हे इथल्या जिल्ह्याच्या माणसांचं. आमचं आधार, रेशनकार्ड सगळं तिकडचं.

सिस्टरांनी एका हातानं मायची नाडी धरली, दुसऱ्यानं वही ओढली.

"ह्या राहतात कुठं?"

"मिरजोळ्याला. माझ्याकडंच."

"सकाळी काय खाल्लं?"

आता मागं कसं फिरायचं? "चहा-चपाती. मीच केली."

"साखर आहे?"

"हाय. गोळी चालू हाय."

साखर बघायचं मशीन होतं, पण पट्ट्यांची डबी नेमकी संपलेली. नवी दुपारी यायची होती. "खाल्लंय म्हणजे साखर उतरली नसावी. हृदयाचं तर नाय?" असं स्वतःशीच बोलत त्यांनी प्रेशर बघितलं, रुग्णवाहिकेला फोन लावला. मला म्हणाल्या, "तोंडात काही घालू नको हां."

माय आता डोळे मिटायला लागली. माझा धीर सुटला. "लई घाम येतोय हो, कालपासनं पोटात..." म्हणाले आणि जीभ चावली.

सिस्टरांनी मान वर केली. "कालपासून काय? खरं सांग गो बाय. ही आली कुठून?"

"लातूरकडनं. रातभर गाडीत होती. तिला गाडी लागती, म्हणून काल सांजपासनं अन्नाचा कण नाही. पण गोळी चुकवायची नाही असं डॉक्टरनी बजावलंय, तेवढी घेतली असंल."

"असंल नको. बघ."

मी पिशवी उलटी केली. गोळ्यांच्या पाकिटातली सकाळची जागा फोडलेली होती.

"अगं बाय माझे! आधी बोलायचंस ना!" सिस्टरांनी मायला टेकून बसवलं, गालावर थापट्या मारून जागं केलं. आधी चमचाभर पाणी दिलं. ते गिळतेय हे बघितलं आणि मग ग्लुकोज घातलेलं पाणी, चमचा चमचा. मी मोजत नव्हते, नुसती मायच्या गळ्याकडं बघत होते.

थोड्या वेळानं तिची नजर ठरली. पहिलं वाक्य काय, तर, "एवढं गोड? साखर काय फुकट हाय का?"

"फुकटच आहे आजी," सिस्टर म्हणाल्या. "सरकारची."

मग माझ्याकडं वळल्या. "खोटं कशाला गो बोललीस?"

मी पाटीकडं बोट केलं. त्या इतक्या हसल्या की कंडक्टर डोकावून गेला. "अगो, निधी जिल्ह्याचा, दुखणं नाय! स्टँडावर काय रत्नागिरीचीच माणसं उतरतात? हे पैसे टाकलेत ते येणाऱ्या-जाणाऱ्यासाठीच." वहीतलं मिरजोळे खोडून त्यांनी आमचं गाव लिहिलं, अक्षर बरोबर आहे का ते मला विचारून. "बाहेरगावचे किती येतात ते वर दिसायला हवं. तर पुढं मला जोडीला कोणी देतील."

रुग्णवाहिका आली. सिव्हिलला मायला एक दिवस ठेवून घेतलं, गोळी बदलली. आता तिला इथं तिसरा आठवडा चाललाय. माशाच्या वासाला नाक मुरडते आणि शेजारणींना आपलं दुखणं तिखटमीठ लावून सांगते. मला बरं वाटतं ऐकायला.

परवा सिस्टरांना धपाटे घेऊन गेले. उभ्याउभ्याच अर्धा खाल्ला त्यांनी. बोलता बोलता कळलं, त्यांची आई हेदवीला एकटी असते. मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय, कारण इथं बदली कोणी नाही आणि नंतर आईजवळ बसायलाही कोणी नाही.

मी म्हटलं, "तारीख ठरवा तुम्ही. मी खाडा करीन, हेदवीला येऊन राहीन, वेळच्या वेळी डोळ्यांत थेंब घालीन."

"बघू गो," त्या हसून म्हणाल्या.

त्या बघू म्हणोत. मी कारखान्यात मुकादमाला सांगून ठेवलंय, ह्या वर्षी मला आठ दिवस लागणार आहेत. कधी ते सिस्टर सांगतील. त्यांच्या आईची पट्टी सुटेपर्यंत मी तिथनं हलणार नाही.