घासलेला सरदार

छापलेल्या कागदावर सरदाराचं तोंड कोरं आलं, तेव्हा मॅडम खुर्चीतच बसल्या.

उत्रोलीला त्यांचा स्टुडिओ आहे. माझी हयात भोरच्या छापखान्यात गेली, म्हणून हातप्रेस चालवायला त्यांनी मला बोलावलं. शाळा माझी चौथीच्या आत संपली, पण शाई मला कळते. मॅडमनी एका जुन्या चित्रावरून विलायती सरदार तांब्याच्या प्लेटवर उतरवला होता. केसांचा टोप, जाळीची कॉलर, नाक वर. याला एचिंग म्हणतात. प्लेटला मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईनं चित्र काढायचं आणि ॲसिडात बुडवायची. सुई फिरली तिथलं तांबं ॲसिड खातं. त्या खाचांत शाई भरायची, वरची पुसायची, ओला कागद ठेवून रुळाखालून काढायचा. खाचेतली शाई कागदावर उतरते.

कालपर्यंत उतरत होती. आज प्लेट लखलखत होती.

स्टुडिओतली झाडलोट पारूबाई बघते. म्या तिला विचारलं, "प्लेटला हात लावलास?"

"व्हय. काळी पडली हुती. देव घासायला घेतले, त्यात हीबी घासली. चिंच आन राख लावून."

मॅडम हळूच म्हणाल्या, "आबा, सगळा पावसाळा गेला या प्लेटवर. उद्यापासून तिला येऊ नको म्हणा."

"आधी धुऊन परत छापून बगू. तोंड उमटलं तर बाई ऱ्हाईल."

"रेघाच झिजल्यात हो."

"झिजल्यात का राखंनं बुजल्यात, त्ये कुणी बगितलंय?"

रॉकेल आणि मऊ ब्रश घेऊन म्या खाचा धुतल्या. राख निघाली. प्लेट कोमट केली, म्हणजे शाई खोल जाते. फडकं उथळ खाचेतली शाईही ओढून घेतं, म्हणून शेवटचं पुसणं तळहातानं केलं. मॅडम म्हणाल्या, पुरे. म्या पुसतच राहिलो.

कागद उचलला. डोळे आले, मिशी आली, नाकाचा तोरा आला. कॉलर मात्र गेली ती गेलीच.

पारूबाई वाकून म्हणाली, "ह्यो तर आमच्या रुसल्याल्या जावयावाणी दिसतुया."

मॅडमना हसू आलं. "कॉलर मी परत कोरते. ॲसिडात टाकू."

"टाकू नका. तोंड खाईल त्ये."

"तोंडावर थर देईन की, आबा."

संध्याकाळपर्यंत वाद घातला. त्यांनी ऐकलं न्हाई. कॉलर आली, चांगली आली.

पारूबाई कामावर आहे. तांब्याची वस्तू आणली, की ती आधी घासणाऱ्या बाईला दाखवून 'ही घासायची न्हाई' म्हणून सांगावं. ॲसिडाचं नंतर बघता येतं.