आमच्या हिचे मामा आणि छातीतली नळी

खानदेशात पाणी पिणारे, शेताला देणारे आणि पाण्यावरून भांडणारे पुष्कळ आहेत. पण पाण्याला पहारेकरी मानणारा माणूस एकच, तो म्हणजे आमच्या हिचे मामा. पिंप्राळ्यात चाळीस वर्षं त्यांनी नळजोडणीची कामं केली. आता हातातला पाना सुटलाय, वेड मात्र सुटलेलं नाही. मोरीच्या जाळीखाली ओंजळभर पाणी कायम साचून राहतं आणि गटारातला वास घरात येऊ देत नाही, त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. ती जागा मामांना देवघराइतकी पवित्र! कुणाकडेही गेले की चहाच्या आधी ते मोरीत शिरतात, जाळीवर तांब्याभर पाणी ओततात, कान देऊन गुडगुड ऐकतात, आणि मगच घरच्यांना विचारतात, "कसं काय, बरं शे ना?" उन्हाळ्यात कॉलनीतली माणसं गावी जाताना कुंड्यांना पाणी घालायला म्हणून किल्ल्या त्यांच्याकडे देतात. मामा कुंड्या विसरतात आणि मोऱ्यांना पाणी घालतात. शेजारच्या अक्कांची जास्वंद त्यात वाळून गेली. अक्का रडकुंडीला आल्या, तर हे म्हणतात, "झाड परत येई, अक्का. गटारना वास घरमा शिरना, ते तो जाता जात नही!"

माझ्या मेहुण्यासाठी आम्ही धुळ्याला मुलगी बघायला गेलो, तेव्हा पोहे यायला आणि मामा गायब व्हायला एकच गाठ पडली. पाऊण तास मामा न्हाणीघरात. मुलीकडचे कुजबुजू लागले, मुलीची आई ओवा घेऊन दाराशी उभी राहिली. अखेर बाह्या दुमडलेले, कोपरापर्यंत बरबटलेले मामा बाहेर आले आणि भर बैठकीत म्हणाले, "तुमना घरमा वास का येस, ते सापडनं!" माझी मान खाली गेली. मुलीचे वडील मात्र ताडकन उठले. त्या वासाने वर्षभर त्यांचा जीव नकोसा केला होता, रोज पुडाभर उदबत्त्या जळत होत्या. दोघं हातात हात घालून पुन्हा न्हाणीघरात गेले! तेवढ्यात मुलामुलीला निवांत बोलता आलं, आणि लग्न ठरलं.

मग मी धरणगावच्या रस्त्यावर स्कूटरवरून पडलो. बरगडी मोडून फुफ्फुसात घुसली, छातीत हवा साठली, श्वास घेता येईना. जळगावच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी बरगड्यांमधून नळी घातली आणि तिचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीतल्या पाण्यात बुडवलं. मामा आले ते माझ्याकडे न बघता सरळ खाटेखाली वाकले आणि ओरडले, "जवाई! हाऊ ते ट्रॅप शे!"

डॉक्टरबाई हसल्या. "बरोबर ओळखलंत. छातीतली हवा बुडबुडे होऊन पाण्यातून बाहेर पडते. बाहेरची हवा मात्र पाणी ओलांडून आत जाऊ शकत नाही."

"चाळीस वर्षं मी गटारीला जे बसवलं, ते यांनी माणसाला बसवलं!" मामांचा आनंद वॉर्डात मावेना. बाटलीपाशी स्टूल टाकून ते बसले ते बसलेच. येणाऱ्या प्रत्येकाला आधी बुडबुडे दाखवायचे आणि मग मला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बोदवडची माझी आत्या डबा घेऊन आली आणि वळताना तिचा पाय बाटलीला लागला. बाटली आडवी, पाणी फरशीवर, नळीचं टोक उघडं! माझा श्वास अडखळला, ही किंचाळली. घाबरलेल्या आत्याने बाटली उचलली आणि खाटेवर ठेवायला निघाली.

"वर नको!" मामा असे गरजले की अख्खा वॉर्ड थिजला. "पानी उलटं छातीमा जाई! खाले, खालेच!"

त्यांनी बाटली हिसकून जमिनीवर सरळ उभी केली. तळाशी उरलेल्या पाण्यात नळीचं टोक जेमतेम बुडालं. सत्तरीचा तो माणूस ओल्या फरशीवर बसून, दोन्ही हातांनी बाटली धरून, "सिस्टर! सिस्टर!" म्हणून ओरडत राहिला. सिस्टर धावत आल्या. त्यांनी पाणी भरलेली नवी बाटली जोडली आणि मला म्हणाल्या, "खोका." मी खोकलो. बुडबुड, बुडबुड!

"निघनी! हवा निघनी!" मामा फरशीवरूनच टाळ्या पिटू लागले. शेजारच्या खाटेवरच्या आबांनीही टाळ्या वाजवल्या. आत्या रडता रडता हसू लागली.

चार दिवसांनी बुडबुडे थांबले. फुफ्फुस पुन्हा नीट फुललं होतं, नळी निघाली. सगळे खूश, मामा मात्र स्टुलावरून उठेनात. "खेळणं संपलं वाटतं मामांचं," मी हिला हळूच म्हणालो. ही म्हणाली, "तुम्हाला पहिल्या दिवशी आत नेलं, तेव्हा मामा जिन्यात बसून लहान मुलासारखे रडत होते. डोळे पुसले आणि मगच वॉर्डात आले."

घरी आल्यावर मामांनी मला पाठमोरं बसवलं आणि पाठीवर आपला खरखरीत तळहात ठेवला. "श्वास घ्या, जवाई." मी घेतला. "आजून एक." तोही घेतला. काहीतरी गंमत करावी असं ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात मामांनी मोरीच्या जाळीला देतात तसा कान माझ्या पाठीला लावला. मग त्यांनी सांगितलं नाही तरी मी श्वास घेत राहिलो, सावकाश, खोल. आणि मामांनी कितीतरी वेळ हात काढला नाही.