बाईंचा बसलेला आवाज

आमच्या गावच्या वाचनालयात मी जुन्या साप्ताहिकांची बाडं चाळत बसलो होतो. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या एका नटीबद्दल मला लिहायचं होतं. पुरुषच लुगडी नेसून नायिका व्हायचे, त्या काळात ही बाई स्वतः रंगमंचावर उभी राहिली आणि तिच्या गाण्यासाठी नाटकगृह ओसंडून वाहायचं. ती गायची कशी, एवढंच मला हवं होतं.

सापडलं ते भलतंच. तिचं लुगडं कोणत्या रंगाचं होतं, ती कुणाच्या बग्गीतून उतरली, कोणते शेठजी रोज पहिल्या रांगेत बसतात. एका अंकात लिहिलं होतं, ‘काल बाईंचा आवाज बसला होता. रात्री कोठे जागवल्या, हे रसिकांनीच ओळखावे.’ पुढच्या अंकात, अगदी तळाला, दोन ओळी होत्या. बरेच दिवस तापाने फणफणलेली बाईंची मुलगी वारली. आधीच्या मजकुराबद्दल चकार शब्द नव्हता.

आईचं जागरण कोण विकत घेणार? तेच जागरण बदफैली ठरवलं की अंक हातोहात खपतो.

ग्रंथपाल मॅडम काही सापडलं का ते विचारायला आल्या, तेव्हा मी त्यांना दोन्ही मजकूर दाखवले. त्यांनी सावकाश वाचले.

“अरेरे, बिचारी!” त्या म्हणाल्या. मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी हळूच विचारलं, “पण काय हो, त्या शेठजींचं आणि तिचं खरंच काही होतं का?”