पिठात पंजा उमटवणारी म्हातारी

पुढे वीस वर्षं श्रीरामपूरच्या एका साप्ताहिकात जी चित्रातली म्हातारी लोकांना हसवत राहिली, ती मी सासूबाईंवरून काढली. बहात्तरचा दुष्काळ होता. मी देवळाली प्रवरेची नवी सून, आणि स्वतःला फार हुशार समजत होते. कुणी पीठ काढलं तर कळावं म्हणून सासूबाई डब्यातल्या पिठावर पंजा उमटवून ठेवत. मी तस्संच चित्र काढलं, यजमानांनी ते गुपचूप पोहोचवलं आणि ते छापूनही आलं!

शेजारणीने अंक घरी आणला. आता आपली माहेरी रवानगी, या भीतीने मी विझलेली चूल फुंकत बसले. सासूबाईंनी चित्र डोळ्यांजवळ धरलं आणि खो खो हसल्या.

"अगं, ही तर तुझी आई! नाक बघ की!"

मी शूर बाई लगेच म्हणाले, "व्हय आत्याबाई, आईच हाय."

दिवाळीला आई आली, तर सासूबाईंनी अंक तिच्यापुढेच धरला. आईच्या घरी पिठाच्या डब्याला झाकणसुद्धा नसायचं. तिने एकदा चित्राकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"व्हय विहीणबाई, मीच ती," म्हणाली आणि पदराआडून मला असा चिमटा काढला की आठवडाभर दंड काळानिळा होता.