अर्धी दाढी

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच सुमारास दुष्काळही पडला. मुंबईचं भाडं परवडेना, म्हणून गावी परतावं का, या विचारात मी सुट्टीला आलो की लातुरातल्या एका न्हाव्याकडं दाढीला बसायचो. तो प्रश्न विचारायचा, मग वस्तरा गळ्याशी ठेवून उत्तरही स्वतःच द्यायचा.

"इकडंच या साहेब. जिल्हा हाय आता. समदं लई स्वस्त."

एकदा असंच चाललेलं असताना बाहेर कुणीतरी ओरडलं, नळ आला. त्यानं वस्तरा ठेवला, एक घागर उचलली आणि दुसरी माझ्या हातात दिली. अर्ध्या गालावर फेस घेऊन मी रांगेत उभा राहिलो. कुणी हसलंसुद्धा नाही.

पुढच्या बाईंनी विचारलं, "नवीन राहायला आलात का?"

माझ्याआधी तोच म्हणाला, "हाव. फक्त सामान यायचं हाय."